एक आजार, एक नाव: फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे फारसे माहीत नसलेले काम

तिवसा, मोझरी परिसरातून तपासणीसाठी अमरावतीला किंवा पुढे नागपूरला जाणाऱ्या कुटुंबांच्या हातात बहुधा एक पिशवी असते. तिच्यात चार-पाच वर्षांचे कागद असतात. प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी, खासगी दवाखान्याची फाईल, लॅबचे रिपोर्ट, एखादे डिस्चार्ज कार्ड. एका कागदावर ‘शुगर’ लिहिलेले असते, दुसऱ्यावर ‘डीएम’, तिसऱ्यावर ‘टाईप टू’ आणि चौथ्यावर ‘मधुमेह’. चारही नावे एकाच आजाराची आहेत. घरच्यांना मात्र वाटते की आपल्या माणसाला किती आजार जडले!

याच्या उलटही होते. ‘एमएस’ ही दोन अक्षरे हृदयरोगतज्ज्ञाने लिहिली तर त्यांचा अर्थ हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे, असा होतो. तीच अक्षरे मेंदूविकारतज्ज्ञाने लिहिली तर तो मज्जासंस्थेचा अगदी वेगळा आजार असतो. रात्री दोन वाजता दम लागलेल्या रुग्णाला घेऊन नातेवाईक अनोळखी रुग्णालयात पोचतात, तेव्हा तिथल्या डॉक्टरांकडे जुन्या कागदाखेरीज दुसरे काही नसते. अशा वेळी त्या दोन अक्षरांचा अर्थ काय लावला जातो, यावर उपचारांची दिशा ठरू शकते.

एका आजाराला सगळीकडे एकच नाव असावे, हा विचार संगणकाबरोबर आलेला नाही. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी काही लोकांनी त्यासाठी आपले आयुष्य वेचले. त्यांतले एक नाव आपण सगळे शाळेपासून ओळखतो. ते म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल. हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांमध्ये फिरणारी परिचारिका, एवढीच त्यांची ओळख आपल्या पुस्तकांत असते. युद्ध संपल्यावर त्या पन्नासहून अधिक वर्षे जगल्या आणि त्यातला बराच काळ त्यांनी नोंदी, तक्ते आणि आकडे यांवर काम केले. आज तुमच्या डिस्चार्ज कार्डावर निदानाशेजारी जो लहानसा कोड छापलेला असतो, त्याची गोष्ट त्या कामापर्यंत मागे जाते.

आकड्यांची आवड असलेली मुलगी

फ्लॉरेन्स यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. आई-वडील इंग्रज आणि श्रीमंत होते. ज्या शहरात जन्म झाला त्याचेच नाव मुलीला दिले गेले. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच शिकवले. लॅटिन, ग्रीक, इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय होतेच, पण फ्लॉरेन्स यांना गणिताची विशेष ओढ होती.

त्या काळी रुग्णसेवा हे चांगल्या घरातल्या मुलीचे काम मानले जात नसे. लग्न करून संसार करावा, अशी घरच्यांची अपेक्षा होती. फ्लॉरेन्स यांनी अनेक वर्षे घरच्यांशी वाद घातला, आलेले स्थळ नाकारले आणि १८५१ मध्ये जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे जाऊन सुमारे तीन महिने रुग्णसेवेचे शिक्षण घेतले. १८५३ मध्ये लंडनमधील आजारी स्त्रियांसाठीच्या एका लहान रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तोपर्यंत त्यांचे वय ३३ झाले होते.

स्कुटारी: मृत्यू झाले, पण नोंदी जुळेनात

पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी आणि आजारी ब्रिटिश सैनिकांना जहाजाने तुर्कस्तानातील स्कुटारी येथे आणले जात होते. ऑक्टोबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स ३८ परिचारिकांना घेऊन निघाल्या आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे पोचल्या. सैन्याच्या बराकीचेच रुग्णालय केलेले होते. खाली तुंबलेली गटारे, वर दाटीवाटीने टाकलेले रुग्ण. कपडे, भांडी, साबण, चांगले अन्न या सगळ्याचीच टंचाई होती.

त्यांनी स्वयंपाकघर उभे केले, कपडे धुण्याची सोय केली, सामान मिळवले. तरीही मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचार घेणाऱ्या दर १०० जणांमागे सुमारे ४२ जण दगावत होते. मार्चमध्ये सरकारने पाठवलेले स्वच्छता आयोगाचे लोक आले. त्यांनी गटारे साफ केली, हवा खेळती केली, पाण्याकडे लक्ष दिले. जूनपर्यंत हे प्रमाण दर १०० मागे २ च्या आसपास उतरले.

इथे फ्लॉरेन्स यांना आणखी एक गोष्ट खुपली. मेलेल्या माणसांचा हिशेब कुठेच नीट नव्हता. एकाच ठिकाणच्या मृत्यूंची नोंद वेगवेगळे अधिकारी वेगवेगळ्या वह्यांत करत आणि त्या वह्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नसत. मृत्यूचे कारण लिहिण्याची तर काही ठरलेली पद्धतच नव्हती. घरी आई-बायको वाट पाहत होत्या आणि आपला माणूस जखमेने गेला, जुलाबाने गेला की तापाने गेला, हे खात्रीने सांगणारा कागद नव्हता.

त्यांच्या स्वतःच्या तापालाही अनेक नावे

मे १८५५ मध्ये फ्लॉरेन्स आघाडीजवळ बालाक्लावा येथे गेल्या असताना स्वतःच गंभीर आजारी पडल्या. जिवावरचे दुखणे होते. त्याला ‘क्रिमियन ताप’ म्हटले गेले. त्या वाचल्या, पण पूर्ण बऱ्या कधीच झाल्या नाहीत. पुढे अनेक वर्षे थकवा, अंगदुखी, पाठीच्या तीव्र वेदना आणि मनाची उदासी यांनी त्यांना घेरले. १८५७ नंतरचा बराच काळ त्या खोलीतच असत आणि अंथरुणावरूनच काम करत. काही लोकांना हे नाटक वाटे, काहींना मनाचा आजार वाटे.

पुढे १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी माल्टा बेटावर एका दीर्घकाळ टिकणाऱ्या तापाचा जिवाणू शोधला. या तापाला ठिकठिकाणी निरनिराळी नावे होती. माल्टा ताप, भूमध्य समुद्राचा ताप, चढउताराचा ताप. ब्रूस यांच्या नावावरून आज त्याला ब्रुसेलोसिस म्हणतात. फ्लॉरेन्स यांना हाच आजार झाला असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते. तेव्हा रक्ततपासणी नव्हती, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. आजाराला नीट नाव मिळाले नाही की रुग्णाच्या दुखण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. हे दुःख आजही अनेक रुग्णांच्या वाट्याला येते.

आपल्या भागासाठी एक सूचना इथेच करतो. ब्रुसेलोसिस आपल्याकडेही आढळतो. गाई-म्हशी किंवा शेळ्या पाळणाऱ्यांना, जनावराचे बाळंतपण करणाऱ्यांना आणि न उकळलेले दूध पिणाऱ्यांना त्याचा धोका असतो. पुन्हा पुन्हा येणारा ताप, घाम, सांधे आणि कंबर दुखणे, खूप थकवा अशी त्याची लक्षणे असतात. असा ताप लांबला तर घरी जनावरे आहेत, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. निदान झाल्यास काही आठवडे प्रतिजैविके घ्यावी लागतात आणि ती मध्येच सोडून चालत नाही.

विल्यम फार आणि नावांचा गोंधळ

१८५६ मध्ये इंग्लंडला परतल्यावर फ्लॉरेन्स यांची ओळख विल्यम फार यांच्याशी झाली. फार गरीब घरातून आलेले डॉक्टर होते. इंग्लंडमध्ये १८३७ पासून प्रत्येक मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली होती आणि त्या नोंदींचा अर्थ लावण्याचे काम फार करत होते. त्यांनी अगदी पहिल्या, म्हणजे १८३९ च्या अहवालातच तक्रार मांडली होती की एकाच आजाराला तीन-चार नावे आहेत आणि एकच नाव तीन-चार आजारांना दिले जाते. वजन-मापे जशी ठरलेली असतात, तशी आजारांची नावेही ठरलेली हवीत, असा त्यांचा आग्रह होता. बाजारात प्रत्येकाचा शेर वेगळा असेल तर व्यवहार कसा होणार?

फ्लॉरेन्स आणि फार यांनी मिळून सैन्यातील मृत्यूंचा हिशेब पुन्हा मांडला. त्यांनी प्रत्येक मृत्यू तीनपैकी एका रकान्यात टाकला. पहिला टाळता येण्याजोगे साथीचे आजार, दुसरा जखमा, तिसरा बाकी सर्व. यातून जे दिसले ते भयंकर होते. एकट्या जानेवारी १८५५ मध्ये जखमांनी ८३ सैनिक गेले होते, तर टाळता येण्याजोग्या आजारांनी २,७६१. शत्रूच्या गोळीपेक्षा स्वतःच्या छावणीतली घाण कितीतरी पटींनी जास्त माणसे मारत होती.

आकडेमोडीच्या तक्त्यांकडे मंत्री आणि अधिकारी पाहणार नाहीत, हे फ्लॉरेन्स यांनी ओळखले. म्हणून त्यांनी बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या असलेली रंगीत आकृती तयार केली. निळा रंग टाळता येण्याजोग्या आजारांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळ्या पाकळ्यांनी सगळा कागद व्यापला होता. आकृती सुंदर होती, पण तिची ताकद रंगात नव्हती. प्रत्येक मृत्यूला आधी ठरलेल्या नावाखाली बसवले होते, म्हणून ती बोलू शकली.

या कामाने त्यांच्या स्वतःच्या समजुतीलाही धक्का दिला. सैनिक उपासमारीने, थंडीने आणि फार उशिरा रुग्णालयात आणल्यामुळे मेले, असे त्यांना सुरुवातीला वाटत होते. आकडे मांडल्यावर गर्दी, गटारे आणि खराब हवा यांचा वाटा त्यांना कितीतरी मोठा दिसू लागला. ज्या रुग्णालयात आपण दिवसरात्र राबलो, तीच जागा रुग्णांसाठी धोक्याची होती. हे मान्य करणे सोपे नव्हते. त्यांनी ते दडवले नाही, उलट पुढची सगळी सुधारणा त्यावरच उभी केली. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत्या.

सगळ्या रुग्णालयांसाठी एकच तक्ता

सैन्यातला प्रश्न सामान्य रुग्णालयांतही होता. लंडनमधील प्रत्येक रुग्णालय आपापल्या पद्धतीने नोंदी ठेवत होते. काही ठिकाणी बरा झालेला आणि थोडा आराम पडून घरी गेलेला रुग्ण एकाच रकान्यात, तर काही ठिकाणी वेगळा. आजारांची नावे तर डॉक्टर बदलला की बदलत. त्यामुळे कोणत्या रुग्णालयात कोणत्या शस्त्रक्रियेनंतर जास्त लोक दगावतात, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

फ्लॉरेन्स यांनी फार यांच्या यादीवर आधारित छापील तक्ते तयार केले. वर्षाच्या सुरुवातीला किती रुग्ण होते, नवे किती आले, किती बरे झाले, किती बरे न होता गेले, किती दगावले, वर्षअखेरीस किती राहिले आणि सरासरी किती दिवस राहिले, हे सर्व आजारानुसार, वयानुसार आणि स्त्री-पुरुष असे वेगळे भरायचे. लंडनच्या काही मोठ्या रुग्णालयांत हे तक्ते वापरून पाहिले गेले. जुलै १८६० मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे ही योजना मांडण्यात आली. आजारपणामुळे फ्लॉरेन्स सभेला गेल्या नाहीत. त्याच वर्षी सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या निधीतून परिचारिकांची शाळाही सुरू झाली.

सुरुवातीला कौतुक झाले. काही रुग्णालयांनी तक्ते स्वीकारले आणि आकडे छापले. पण काही वर्षांतच योजना मागे पडली. कारणे साधी होती. तक्ते फार मोठे होते. ते भरायला वेळ आणि पैसा लागे. ज्याने दिवसभर रुग्ण पाहिले, त्यानेच रात्री रकाने भरायचे, हे कोणाला नको होते. शिवाय आजारांच्या यादीवरच डॉक्टरांचे एकमत नव्हते. प्रत्येकाला आपली यादी बरोबर वाटत होती.

त्यांच्या बाजूनेही चुका झाल्या. १८६३ मध्ये त्यांच्या रुग्णालयांवरील पुस्तकात फार यांचा एक तक्ता छापला गेला. त्यात लंडनच्या रुग्णालयांचे मृत्युप्रमाण ९० टक्क्यांच्या वर दाखवले होते. वर्षभरातील मृत्यूंना एका दिवशी खाटांवर असलेल्या रुग्णसंख्येने भागल्यामुळे हा आकडा आला होता. डॉक्टरांनी त्यावर जोरदार टीका केली आणि ती बरीचशी रास्त होती. नुसते आजाराचे नाव सारखे असून भागत नाही, ‘मृत्युप्रमाण’ या शब्दाचा अर्थही सगळ्यांसाठी एकच असावा लागतो, हा त्यातला धडा.

दुसरी मर्यादा काळाची होती. फार यांच्या यादीतील साथीच्या आजारांचा गट, शरीरात आंबण्यासारखी क्रिया होऊन ते होतात, या समजुतीवर बेतलेला होता. दूषित हवेतून रोग होतात, यावर फ्लॉरेन्स यांचाही विश्वास होता. जंतूंची कल्पना त्यांनी बऱ्याच उशिरा स्वीकारली. त्यामुळे पुढे ती यादी बदलावी लागली. आजारांची कोणतीही यादी कायमची नसते. ज्ञान वाढले की ती तपासावी लागते.

भारतात न येता केलेले काम

फ्लॉरेन्स भारतात कधीच आल्या नाहीत, तरी आयुष्यातील जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी भारताच्या आरोग्याच्या प्रश्नावर घालवली. १८५९ मध्ये भारतातील सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणारा शाही आयोग नेमला गेला. फ्लॉरेन्स यांनी एक प्रश्नावली तयार करून घेतली आणि ती देशभरातील सुमारे २०० लष्करी ठाण्यांना पाठवली गेली. पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, बराकीत किती माणसे झोपतात, कोणत्या आजाराने किती जण दगावतात, असे प्रश्न सर्वांना सारखेच विचारले. सगळीकडे एकच प्रश्न असल्यामुळे उत्तरांची तुलना करता आली. १८६३ चा अहवाल सुमारे दोन हजार पानांचा झाला.

त्यातून दिसले की भारतातील ब्रिटिश सैनिकांपैकी दर हजारी ६९ जण दरवर्षी मरत होते. लढाईने नव्हे, तर ताप, हगवण, पटकी आणि यकृताच्या आजारांनी. पाणी आणि स्वच्छता सुधारल्यावर दहा वर्षांनी हा आकडा दर हजारी १८ वर आल्याचे त्यांनी १८७३ मध्ये मांडले.

हळूहळू त्यांचे लक्ष सैन्याकडून खेड्यांकडे वळले. १८८९ मध्ये मुंबई इलाख्यात खेड्यांच्या स्वच्छतेचा कायदा झाला, तेव्हा त्यात त्यांनी बारकाईने लक्ष घातले. याच सुमारास पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा खेड्यांच्या स्वच्छतेबद्दल पत्रव्यवहार झाला. लंडनच्या एका खोलीत अंथरुणावर असलेली वृद्ध स्त्री आपल्या गावांतल्या विहिरी आणि उकिरड्यांविषयी पुण्याच्या मंडळींना लिहीत होती.

त्या काळात आपल्याकडे खेड्यांतील मृत्यूंची खबर गावचा पाटील किंवा चौकीदार देत असे. नोंदीचे रकाने मोजकेच होते. पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, अपघात आणि इतर. सर्वांत जास्त मृत्यू ‘ताप’ या रकान्यात पडत. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, क्षय, बाळंतरोग, असे कितीतरी आजार त्या एका शब्दात गडप होत. हिवतापाचे किती आणि क्षयाचे किती, हेच कळले नाही तर कुठे डबकी बुजवायची आणि कुठे दवाखाना काढायचा, हे कसे ठरणार?

म्हातारपणी फ्लॉरेन्स यांची दृष्टी गेली. १९०७ मध्ये त्यांना ब्रिटनचा ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा मान मिळाला आणि तो मिळवणाऱ्याही त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या ९० व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस, १२ मे, आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

त्यांच्या कामाचे पुढे काय झाले

त्यांचे तक्ते मागे पडले, पण विचार टिकला. १८९३ मध्ये जॅक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञांनी मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली आणि अनेक देशांनी ती स्वीकारली. त्या यादीत फार यांच्या विचारांचा वाटा होता. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही यादी आपल्याकडे घेतली आणि तिच्यात मृत्यूच्या कारणांबरोबर आजारांचाही समावेश झाला. हेच आजचे आयसीडी. तिची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. आधीच्या, दहाव्या आवृत्तीत टाईप टू मधुमेहाचा कोड ‘ई ११’ आहे. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर किंवा विम्याच्या कागदावर असे काही दिसले, तर तो आजाराचा कोड असतो.

आयसीडी मुख्यतः मोजणीसाठी आहे. रुग्णाच्या रोजच्या नोंदीसाठी याहून बारीक तपशील लागतो. कोणत्या पायाला जखम, कोणत्या औषधाची ॲलर्जी, कोणती शस्त्रक्रिया. त्यासाठी स्नोमेड सीटी नावाचा मोठा शब्दसंग्रह आहे. त्यात साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत आणि प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक आहे. टाईप टू मधुमेहाचा क्रमांक ४४०५४००६ आहे. डॉक्टर पडद्यावर आपल्या सवयीचे नाव निवडतात आणि संगणक त्यामागे हाच एक क्रमांक साठवतो. उद्या अमरावती, नागपूर किंवा मुंबईच्या डॉक्टरांनी ती नोंद उघडली, तर सगळ्यांना एकच अर्थ मिळतो.

फ्लॉरेन्स यांच्या तक्त्यांत आणि या पद्धतीत मोठा फरक इथे आहे. तेव्हा माणसाला यादीप्रमाणे लिहावे लागे. आता यादीने माणसाच्या शब्दांशी जुळवून घ्यायचे आहे. तरी जुना प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. बाह्यरुग्ण विभागात सकाळी रांग लागलेली असते. एका रुग्णासाठी पाच ठिकाणी क्लिक करावे लागले, तर डॉक्टर किंवा परिचारिका जे पहिले दिसेल ते निवडतील आणि नोंद चुकीची होईल. म्हणून कोणत्याही रुग्णालयाने अशी प्रणाली घेताना यादी किती मोठी आहे, एवढेच पाहून चालत नाही. गर्दीच्या वेळी ती भरता येते का, आपल्या भागातले आजार त्यात सहज सापडतात का आणि चूक झाल्यास दुरुस्त करता येते का, हेही पाहावे लागते.

भारत सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींसाठी २०१३ मध्ये मानके जाहीर केली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. स्नोमेड सीटी सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा भारत २०१४ मध्ये सदस्य झाला. त्यामुळे देशातील रुग्णालयांना ती वापरण्यासाठी वेगळे शुल्क द्यावे लागत नाही. या मानकांचे राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यात, सी-डॅक या संस्थेत आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी या पद्धतींतील निदानांनाही आता आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीत जागा मिळाली आहे. वैद्यांकडेही जाणाऱ्या रुग्णांसाठी ही चांगली गोष्ट आहे.

रुग्ण आणि नातेवाईक काय करू शकतात

कोड घालणे हे डॉक्टरांचे आणि संगणकाचे काम आहे. पण नोंदीची सुरुवात तुमच्या सांगण्यातून होते. पुढील गोष्टी घरच्या घरी करता येतात.

• आजाराचे पूर्ण नाव विचारा. फक्त इंग्रजी आद्याक्षरे लिहिली असतील तर पूर्ण नाव लिहून देण्याची विनंती करा. असे विचारण्यात काही गैर नाही.

• लक्षण आणि आजार यांत फरक असतो हे लक्षात ठेवा. कावीळ, ताप, सूज ही लक्षणे आहेत. ती कशामुळे आली, हे कागदावर यायला हवे.

• डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर तिथेच वाचा. अंतिम निदान, झालेली शस्त्रक्रिया, डावी की उजवी बाजू, ॲलर्जी आणि घरी घ्यायची औषधे तपासा. चूक दिसली तर निघण्यापूर्वी दुरुस्त करून घ्या.

• एका वहीच्या पानावर आजारांची नावे, ते कधीपासून आहेत, औषधांची नावे आणि मात्रा लिहून ठेवा. एखाद्या औषधाने पूर्वी पुरळ, सूज किंवा दम लागला असेल तर ते सर्वांत वर लिहा.

• वैद्यांचा काढा, गावठी औषध किंवा दुकानातून आणलेल्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा. कोणी रागावेल म्हणून लपवू नका.

• आभा क्रमांक काढून घेता येतो. तो १४ अंकी आणि मोफत आहे, काढणे सक्तीचे नाही. त्याला जोडलेल्या नोंदी तुमच्या संमतीने डॉक्टरांना दाखवता येतात. तरीही जुने कागद टाकून देऊ नका.

• इंटरनेटवर कोड शोधून स्वतःच निदान करू नका. काही कोड फक्त शंका किंवा तपासणीचे कारण नोंदवण्यासाठी असतात. शंका वाटली तर आपल्या डॉक्टरांना विचारा.

स्कुटारीच्या वह्यांत जे सैनिक नीट नोंदले गेले नाहीत, त्यांच्यासाठी फ्लॉरेन्स यांना काही करता आले नाही. पुढच्या रुग्णांसाठी मात्र त्यांनी अनेक वर्षे धडपड केली. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना ती प्लास्टिकची पिशवी बरोबर घ्याच. पण जाण्यापूर्वी कागद तारखेप्रमाणे लावा आणि सर्वांत वर ते एक पान ठेवा. रात्री-अपरात्री गरज पडली तर अनोळखी डॉक्टरांना तुमच्या माणसाविषयी जे कळायला हवे, ते त्या पानावर पहिल्या मिनिटात कळेल.